खिडकी मी का लावली

बॅलिनरो, आयर्लंड
१४ नोव्हेंबर १९५३

वेड्या फिन्टन,

तू प्राण सोडलास आणि रिवाजाप्रमाणे मी खिडकी उघडली, तुझ्या जिवाला बाहेर पडता यावं म्हणून. पण वाऱ्याने तुझ्या अर्धवट कादंबरीचे कागद उडायला लागले, म्हणून लगेच लावून घेतली.

शेजारची पेग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं ब्रीज, दोन तास तरी उघडी ठेवायचीस! जन्मभर पुस्तकांतून आमची टिंगल केली मेल्याने, आता इथेच बसून करत राहील."

खरंच राहिलास. रोज सकाळी टाइपरायटरवर एक नवं पान असतं, आणि त्यात आदल्या दिवशी भेटायला आलेल्याची यथेच्छ फजिती. प्रार्थना म्हणताना पाद्रीबुवांची नजर कशी केकवर होती, हे वाचून तर मी रडेपर्यंत हसले. कुणाला दाखवत मात्र नाही.

आज माझी पाळी होती. पानावर एकच ओळ होती: 'त्या दिवशी वारा नव्हताच, ताई.'

हे पत्र मी शेकोटीत टाकणार आहे. तू ते खांद्यावरून वाचतोच आहेस. खिडकीला मी खिळे ठोकलेत.

तुझी खोटारडी ताई,
ब्रीज