हवेला बाहेर जायला वाट

नाना, तुमची नात बरी आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर सहा वर्षांनी ती झाली आणि आता सातवीत आहे. मागचे दोन उन्हाळे तिच्या श्वासानं आम्हाला पार घाबरवून सोडलं होतं. यंदाचा उन्हाळा मात्र संपला, पाऊसही लागला, आणि तिला एकदाही दवाखान्यात पळवावं लागलं नाही. हे कुणाला तरी नीट बसून सांगावं असं कितीतरी दिवस मनात आहे, आणि ज्यांना सांगायला पाहिजे ते तुम्हीच.

शाळेला सुटी लागली की मी तुमचा डबा घेऊन सूतगिरणीच्या फाटकावर यायची. धुळ्याबाहेरच्या त्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं, आणि तुमच्या खात्यात पाऊल टाकलं की अंगावर गार, ओलसर हवा. ती ओल राखणं हेच तुमचं काम. एक दिवस तुम्ही मला खांबावर लावलेले दोन थर्मामीटर दाखवता. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली आणि वातीचं शेपूट खालच्या पाण्याच्या बाटलीत. तुम्ही सांगता, दोघांमधला फरक वाढला म्हणजे हवा कोरडी झाली, आता सूत तटातट तुटणार. फरक फारच कमी झाला म्हणजे ओल जास्त, आता कापूस यंत्राच्या रुळांना गुंडाळणार. मी दहा वर्षांची. मला वाटतं, वात पिळून बघावी. तुम्ही माझं मनगट असं धरता की बांगडी रुततेच. "हात नको लावू! तू ती कोरडी करशील, माले चुकीचा आकडा दिसी, आणि तिकडे बाया तुटेल धागे जोडता जोडता रडतीन." मी रडवेली झाले तेव्हा तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिलीत. तुमच्या भुवयांवर कापसाची पांढरी लव होती. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेलात की पहिल्याच दिवशी तुमची छाती आवळायची, आणि आई म्हणायची, गिरणीचा कापूस यांच्या फुफ्फुसात जाऊन बसलाय.

आठवणीतला दुसरा दिवस जळगावचा. माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. समोर रस्त्याचं खोदकाम चाललेलं, खिडकी उघडली की गादीवर मातीचा थर. म्हणून आम्ही कूलर खोलीच्या आत स्टुलावर ठेवला होता, खिडक्या बंद, आणि दाराखालच्या फटीतही जुनी चादर कोंबलेली. तुम्ही मे महिन्यात आलात. पाणी प्यायलात, कूलरसमोर थोडं बसलात, मग उठून भिंतीवर तळहात ठेवलात आणि खिडकी सताड उघडलीत. मी ती लावली. तुम्ही परत उघडलीत. "माय, कूलर खिडकीमा बसाड. बाहेरनी हवा आत येऊ दे, आणि समोरतीन तिले बाहेर जावाले वाट ठेव. नही ते बठ्ठं पानी भीतमा मुरी." नाहीतर सगळं पाणी भिंतीत मुरेल, हे तुमचं म्हणणं. मी दमलेली होते, नव्या घरात मालकीण व्हायची घाई होती, कोण जाणे काय होतं. मी म्हणाले, "नाना, तुमच्या गिरणीचे कायदे माझ्या घरात नकोत." हे तिथेच उभे होते. तुम्ही खिडकी स्वतःच्या हातानं लावलीत, हळू, आवाज न करता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला परत गेलात. त्यानंतर एकदा फोनवर बोलणं झालं. कूलरचं नाव दोघांनीही काढलं नाही. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

दोन वर्षांपूर्वी मुलीला अभ्यासाला म्हणून मागची खोली दिली. लहानशी, एकच खिडकी, तीही शेजाऱ्यांच्या मोरीकडे उघडणारी, म्हणून कायम बंद. कूलर आतच, पलंगाच्या पायथ्याशी. एप्रिलपासून तिला खोकला लागला. मग छातीत शिट्टीसारखा आवाज, पायऱ्या चढताना मधेच थांबणं, आणि एकदा तर ओठ निळसर झाले तेव्हा यांनी तिला उचलून रिक्षात घातलं. औषधानं बरं वाटायचं, चार दिवसांनी पुन्हा तेच. नाना, तेव्हा मी तुम्हाला दोष दिला. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. यांना म्हणाले, "माझ्या वडिलांकडूनच आलंय हे. त्यांचा आजार हिच्या वाट्याला आलाय." पोरीनं ते ऐकलं. तिनं विचारलं, "आई, आजोबा यातच गेले ना?" मी काहीतरी कामाचं निमित्त करून उठले.

मागच्या वर्षी मे महिन्यात ती आठ दिवस चाळीसगावला मामाकडे राहिली आणि तिथे एकदाही खोकली नाही. घरी आली, दोन दिवसांत परत सुरू. मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुमचे वडील गिरणीत होते ना? त्यांना कापसाच्या धुळीनं झालं असावं. तो आजार रक्तातून येत नाही. हिला दमा आहे, पण मामाकडे बरी आणि घरी आजारी, म्हणजे घरातलंच काहीतरी त्याला चिथावतंय. ती झोपते ती खोली बघा."

घरी येऊन मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. मे महिना, बाहेर ओठ फुटताहेत, उंबऱ्याच्या लाकडाला चिरा पडल्यात, आणि इथे कपाटाचं दार फुगून अडकतंय. तिच्या वह्यांची पानं वाकडी झालेली, कंपासमधल्या कर्कटकाला गंज. एवढे दिवस मी हे बघत होते आणि दाराला तेल लावत होते. आम्ही दोघांनी कपाट ओढलं. मागची अख्खी भिंत काळी-हिरवी, मखमलीसारखी बुरशी, आणि असा वास की मी पदर नाकाला लावला. हे म्हणाले, "पाणी कुठून झिरपतंय? पाइप फुटला का?" पाइप फुटला नव्हता. मला खिडकी लावणारे तुमचे हात दिसले.

मुलीला परत मामाकडे पाठवलं आणि कामाला लागलो. गवंड्यानं भिंतीचं प्लास्टर खरवडून काढलं, भिंत महिनाभर पंख्याखाली वाळवली, मग चुना दिला. गादी टाकून दिली. शेजाऱ्यांच्या मोरीवर फरशी टाकून घेतली, कूलर खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं लोखंडी घोडीवर बसवला, आतली हवा निघायला दारावरची फळी काढून तिथे जाळी ठोकली. हवेतली ओल दाखवणारं छोटं घड्याळ बाजारात मिळतं आता, तेही लावलं. वात नाही, बाटली नाही, नुसता आकडा. पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा. आणि डॉक्टरांनी दिलेला, तोंडानं ओढायचा औषधाचा पंप रोज दोन वेळा, न चुकता. यंदा मे महिन्यात मुलगी अंगणात दोरीवर उड्या मारत होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता कान देऊन ऐकत होते. शिट्टी ऐकू येते का म्हणून. नुसता दोरीचा आवाज. ती धापा टाकत आत आली, साध्या, निरोगी धापा, आणि म्हणाली, "भूक लागली." मी तिला तिथेच ओट्याजवळ बसवून सांगितलं, तुझे आजोबा कापसाच्या धुळीनं गेले, ते तुझ्यात नाहीये. तिनं भाकरीचा घास तोंडात असतानाच मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं, प्रश्नच आहे. तुमचं घर विकलं, आईही गेली. कपाटात राहील, कोरड्या कपाटात. पण एक गोष्ट लिहायची राहिली. गेल्या वेळी डॉक्टरांनी पंपाचा डोस कमी केला, खूश झाले होते. म्हणाले, "हवा बाहेर काढायची ही व्यवस्था झकास केलीत. कसं सुचलं तुम्हाला?" हेही शेजारी बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होते, तुम्ही खिडकी उघडलीत त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नसावं. आणि मी म्हणाले, "असंच, कुठेतरी वाचलं होतं." पुढच्या वेळी खरं सांगीन असं ठरवलं होतं. त्यानंतर दोनदा जाऊन आले, नाना. अजून सांगितलेलं नाही.