काळी चारमधली गंगा

चारकोप, ३ मार्च २०२५

ती. अक्कास रतनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्या पंचशीलाला शब्द दिला होता, तिच्या माहेरच्या गोदावरीवर, त्या गंगेवर गाणं करीन. ती असताना जमलं नाही, आता झालं. मे महिन्यात तिचं वर्ष भरतं, त्या पुण्यानुमोदनाला गायचं म्हणतोय. धृपद असं:

गंगे, तुझं पाणी पुढं पुढं जातं,
काठावरचं माणूस मागं राहतं.

पण त्या 'मागं'वर माझा गळा फाटतो. वय झालं, दुसरं काय! घरात बोलायला कुणी नाही, आवाज गंजला असेल. सपना पुण्याहून फोनवर डॉक्टरला दाखवा म्हणते. लेकीकडं सगळ्यावर तेवढंच औषध. सम्यकच्या मोबाइलवर गाणं पाठवलंय. तुझ्या नातवाला लावायला सांग आणि खरं काय ते कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
रतन

नांदेड, १९ मार्च २०२५

चि. रतनला जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

सम्यकनं गाणं दोनदा लावलं. आधी रडले, मग तुझा राग आला. अरे वेड्या, गळ्याला काही झालेलं नाही! चाल तू काळी चारमध्ये बांधलीस. ती बायांची पट्टी. जन्मभर तू पेटीवर आणि माझी भावजय गायला, बोटं आपसूक तिच्याच सुरावर गेली. काळी एकवर ये आणि स्वतः गा. इथं पाणी आटलंय, तरी गंगा वाहते ती उताराकडंच. मग गाण्याला खाली यायला कसली लाज?

फोनवर तू 'बरं आहे' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. जेवतोस ना वेळेवर?

पट्टी उतरव, लोभ उतरवू नकोस.

तुझी
सुंदराक्का

चारकोप, १४ मे २०२५

ती. अक्कास जयभीम. वि. वि.

तुझा कान अजून पक्का आहे. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. काळी एक धरली आणि गाणं मुकाट गळ्यात बसलं. आठवडाभर गायलो. पण ते माझं झालं, तिचं राहिलं नाही. फार एकटं वाटलं गं.

काल विहारात कार्यक्रम झाला. सेक्टरातले सगळे आले होते. मी पुन्हा काळी चारच धरली. सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि सवयीनं डावीकडं बघून मान हलवली, तिला 'घे' म्हणायचो तशी. मग नुसती पेटीच वाजवत राहिलो. गाणारी आता सुरू करेल म्हणून सगळे थांबले होते.

अक्का, मीही थांबलो होतो.

लोभ आहेच, पत्रही येऊ दे. तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचतो.

तुझा
रतन