बोरीबंदर कधी लागणार?

जामसंडे,
२२ मे १९५८

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

दत्तारामचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा पाय, सुजलेलं असल्यामुळे तूर्त सातच पोहोचतील). भावोजींचा दमा कसा आहे? इकडे माई खुशाल आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, त्यामुळे कानांनी दुप्पट ऐकते.

तू रागावली असशील. रागाव, पण आधी ऐक. तू लिहिलं होतंस की रविवारी नऊ वाजता बोरीबंदरावर घड्याळाखाली थांबते, साडेदहाला नागपूरची गाडी आहे, नऊ वर्षांत भेट नाही, चुकवू नकोस. चुकवीन कसा? माईने दिलेला कापा फणस मांडीवर घेऊन देवगडला आगबोटीत बसलो. आता मला सांग, देवगड बंदर, विजयदुर्ग बंदर, मालवण बंदर, या सगळ्यांत पाणी आहे की नाही? चौथीच्या पोरांना अकरा वर्षं मी हेच शिकवतोय (इन्स्पेक्टरनेही कधी हरकत घेतली नाही). त्यामुळे सात वाजता बोट भाऊच्या धक्क्याला लागली, माणसं बोचकी घेऊन उतरली, तरी मी हललो नाही. म्हटलं, ही धक्क्याची मंडळी, आपलं बोरीबंदर पुढे. उलट कठड्याजवळची जागा रिकामी झाली म्हणून फणसासकट तिथे सरकलो.

साडेनऊला बोट धुवायला आलेल्या खलाशाने माझ्या पायांवर बादली ओतली. मालवणचा, कॉस्मे नाव त्याचं. बोरीबंदर कधी लागणार, असं मी त्याला वर्गातल्यासारखं जरा दरडावूनच विचारलं. त्याने बादली खाली ठेवली आणि मयताच्या घरी काढतात तशी टोपी काढली.

"मास्तरांनु," तो म्हणाला, "बोरीबंदर जमनीर आसा. थंय बोट लागणा नाय, आगगाडी लागता."

बिचारा स्वतः मला तिथवर घेऊन आला. इमारत पाहिली आणि मी वहाणा बाहेरच काढल्या. एवढा घुमट, रंगीत काचा, दगडात कोरलेले मोर! देऊळ नसेल तर चर्च असेल. देव कुणाचाही असो, पायताण घालून आत जाऊ नये असं माईनेच शिकवलंय. (कॉस्मेने कपाळाला हात लावला. मला वाटलं, तो क्रूस करतोय, म्हणून मीही हात जोडले.) घड्याळ समोरच उंचावर दिसलं. त्याखाली मी उन्हात अनवाणी उभा राहिलो. आतही एक घड्याळ आहे आणि तू त्याखाली आहेस, हे मला कसं कळणार? आमच्या शाळेत एकच आहे, तेही बंद.

साडेदहा वाजले तेव्हा कॉस्मेने मला ओढत आत नेलं. गाडी हलली होती. एका खिडकीत हिरव्या लुगड्याचा पदर दिसला. तो तुझाच असं ठरवून मी फणस दोन्ही हातांनी वर करून दाखवला. मग बाकावर बसून रडलो, खोटं कशाला सांगू. फणस शेवटी कॉस्मेच्या सुरीने कापून दोघांनी संपवला. गरे गोड होते. बाहेर आलो तर वहाणा गेलेल्या. पाय सुजला तो तसाच अनवाणी परत आल्यामुळे.

तुझा,
दत्ताराम

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. माईला मी सांगितलंय की आपण भेटलो, तू फणस खाल्लास आणि थोडी जाड झालीयस. तेवढं तसं पत्र माईच्या नावाने धाड. नुसतं मी सांगून भागत नाही. तुझं प्रत्येक पत्र ती माझ्यामागे शेजारच्या विमलाकडून पुन्हा वाचून घेते.

दुसरा ता. क. वरचं रद्द. माई मघापासून मागे बसून टाकाची कुरकुर ऐकत होती. आत्ता म्हणाली, "चार दिसांआधी भेटलंस मां तिका? मगे इतक्यां काय लिवतस?" मग ती माझ्या सुजलेल्या पायाला तेल चोळत बसली.

तेव्हा पत्र नको. पावसाळा सरून बोट सुरू झाली की तूच ये. देवगड बंदरात उतर. मी उभा असेन, वहाणा घालून. आमच्या बंदरात पाणी असतं, आणि घड्याळ एकही नाही.