ड्रॅगनांचं दाणापाणी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, खरा घातला तर उठवायला दोघं लागतात). तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बोलायचे थांबले, आता नुसते कुरकुरतात.

तू सोपवलेली कामगिरी पार पाडली. तुझ्या लेकीने, आपल्या चिमणीने, ज्याच्याशी लग्नाचा हट्ट धरलाय त्या लेखकाची कादंबरी वाचायची, चुका काढायच्या, म्हणजे ज्याला धड लिहिता येत नाही तो संसार काय करणार, असं म्हणून तुला नकार कळवता येईल, असा तुझा हुकूम. मी लाल पेन्सिलीला टोक काढूनच बसलो. मुखपृष्ठावर ड्रॅगन, ड्रॅगनवर सेनापती, त्याच्या हातात पेटती तलवार. लष्करात उभी हयात कोठार सांभाळलेल्या माणसाने हे वाचायचं म्हणजे शोभाच. म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घातलं (तुझी भावजय म्हणाली, हल्ली बातम्या फारच मन लावून वाचता).

युद्धाच्या गोष्टींना माझी एकच कसोटी: सैन्य जेवतं का? एरवी वीर महिनोन्‌महिने लढतात आणि कुणाच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. इथे सुरुवातीलाच कोठाराचा कारभारी सेनापतीला तोंडावर सांगतो, की ड्रॅगन उपाशी आहेत, आज कुणी उडणार नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. पुढे ओले बूट, भिजलेलं पीठ, चिखलात रुतलेल्या गाड्या, सगळं जिथल्या तिथे. दाढीला गेलो तरी पुस्तक सुटेना. ते आरशापुढे पावडरीच्या डब्याला टेकवलं होतं आणि न्हावी पानं उलटत होता. नेमका तेव्हाच सेनापती कारभाऱ्याला खिंडीत सोडून पळाला, मी संतापून मान हलवली आणि डावी मिशी गेली. न्हावी गयावया करायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे, आधी पान उलट. (उजवी मग मीच काढायला लावली.)

ताई, थट्टा पुरे. नोकरीत काय केलंत असं कुणी विचारलं की मी सामान मोजायचो एवढंच सांगत आलो. तूही पाहुण्यांना तेच सांगायचीस. या पोराने बंदूक हातात धरली नसेल, पण जेवण वेळेवर पोचवणाराही लढतच असतो हे त्याला कळलं. वाचताना मला रडू आलं. बाकी निर्णय तुझा. मी पडलो धाकटा, मध्ये तोंड घालणार नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. नकार द्यायचाच असेल तर दुसरा भाग लिहून होईपर्यंत थांब. प्रेमभंग झालेला लेखक कारभाऱ्याला नक्की मारून टाकेल.

ता.क. दुसरा. तो लेखक काल येऊन गेला (मीच बोलावलं होतं). कारभारी खिंडीतून जिवंत येतो का, हे काही केल्या सांगेना. म्हणाला, "हे मी फक्त घरच्यांना सांगतो." माझा नाइलाज झाला. तुझ्या वतीने होकार देऊन टाकला आहे. कारभारी वाचतो. माझं काय करायचं ते तू आल्यावर ठरव; मिशी नाही, तेव्हा ओळखायला जरा वेळ लागेल.