लपवलेलं टोक

२ जून

आलो बाई एकदाचे. सामान खोक्यांतच आहे, चहाचं भांडं सापडत नाही, तरी मी खूश आहे, कारण पुढच्या खोलीत ती उभी आहे. लाँगआर्म. गोधड्या शिवायचं मशीन, भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या चौकटीवर बसवलेलं. तुकडे जोडलेला वरचा थर, मधे कापूस, खाली अस्तर, हे सगळं चौकटीवर ताणून बसवायचं आणि दोन मुठी धरून मशीनलाच त्याच्यावरून फिरवायचं. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक हिनेच गिळली. नाकापेक्षा मोती जड. नवरा म्हणाला की आपण घर भाड्याने घेतलंय की मशीनने आपल्याला, हे एकदा नीट विचारून घे. तो उद्या परत कामावर जाईल, महिन्यातून एकदा येणार. म्हणजे घरात मी, खारू आणि ही लांबोडी. खारू म्हणजे आमची लेक. आठ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, पेन्सिली कुरतडते म्हणून खारू.

घरमालकीणबाई किल्ली द्यायला आल्या. मशीन त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ती गेल्या वर्षी वारली. जाता जाता म्हणाल्या की ताई प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात वीतभर जागा न शिवता सोडायची, तुम्हीही सोडा. अंगावर घेणाऱ्याची ऊब आत जाते, तिला बाहेर यायला वाट लागते. मी मान डोलावली. त्या फाटकाबाहेर गेल्यावर मात्र पोट धरून हसले. काम अर्धवट टाकायचं आणि त्याला ऊब म्हणायचं, वा रे वा.

११ जून

पहिलं गिऱ्हाईक. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, नातवासाठी गोधडी हवी होती. मी जीव ओतला. पानांची वेल काढली, एकसलग, कुठे तुटली नाही. आणि टोकं अशी लपवली की शोधून दाखवा.

हा माझा अभिमान आहे, लिहूनच ठेवते. दोरा संपला की लोक तिथेच दोन-चार टाके मागे-पुढे मारून मोकळे होतात. मी नाही. मी टोकाला बारीक गाठ मारते, सुईत ओवते, सुई दोन थरांच्या मधून घालून लांब बाहेर काढते आणि हलकेच ओढते. गाठ टक करून आत जाते. उरलेला दोरा कापला की संपलं. वर काही दिसत नाही, हाताला लागत नाही. खारूला हे इतकं आवडतं की फडक्यावर दिवसभर टक टक चालू असतं. तिचा हात माझ्यावर गेलाय. जीभ दातांत धरते अगदी माझ्यासारखी.

बाईंनी मात्र गोधडी उलटीपालटी केली, कोपरे चाचपले आणि वाट कुठे आहे असं विचारलं. नाही म्हटल्यावर पिशवीत घालेनात. माझ्यासमोर उसवा म्हणाल्या. टोक कुठे लपवलंय ते ताजं आठवत होतं म्हणून जमलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

२० जून

सगळ्यांचं तेच. जो येतो तो आधी कोपरा चाचपतो. ठीक आहे, गिऱ्हाइकाला सोडते वीतभर. पोटाला हवं ना. पण हात शिवशिवतात.

२८ जून

आज खारूची गोधडी झाली. तिच्या आखूड झालेल्या फ्रॉकची. ही माझी, माझ्या लेकीची, इथे कुणाचं ऐकणार नाही. चारी कोपरे बंद. दोरा पांढरा, वेल इतकी दाट की मुंगीला वाट मिळू नये. खारूने पैज लावली, आई तू टोक लपव, मी शोधते. मी मुद्दाम कडेला न संपवता मधेच कुठेतरी संपवलं, डोळे मिटून सुई घातली, आंधळ्या कोशिंबिरीसारखी. टक. ती तासभर शोधत बसली, रडकुंडीला आली. मग मी शोधायला गेले तर मलाही सापडेना. दोघी खूप हसलो.

१ जुलै

पोरगी उठतच नाही. सकाळी हलवून हलवून उठवली, दूध प्यायली आणि परत त्या गोधडीत. शाळा बदलली, गाव बदललं, शिणली असेल. गालावर टाक्यांचे वळ उठलेत, वेलीचे. दाबून झोपली की उठतातच, जातील.

२ जुलै

वळ गेले नाहीत. खांद्यावर, पाठीवर, पोटावर पण आहेत. एकही पान चुकलेलं नाही.

३ जुलै

डॉक्टर घरी येऊन गेले. ताप नाही, रक्त काढून नेलं. अशक्तपणा म्हणाले. तपासायला गोधडी बाजूला केली तशी ती गार पडत गेली, ओठ निळे. त्यांनीच घाईघाईने परत पांघरली. मला म्हणाले की खोली गरम ठेवा. बाहेर घाम निथळतोय, आणि हा शहाणा म्हणतो खोली गरम ठेवा.

तिचा हात हातात घेतला. हलका लागला. आतलं काढून घेतल्यासारखा.

५ जुलै

घरमालकीणबाईंकडे पळत गेले. पायात चप्पलही नव्हती. सगळं सांगितलं. त्या मग बोलल्या. त्यांच्या ताईने एकदाच, सुरुवातीला, गोधडी पुरती बंद केली होती, त्यांच्या आईसाठी. आई त्यात झोपली ती उठलीच नाही. दोरा ज्या टोकाला संपला तिथूनच उसवावा लागतो, म्हणाल्या, दुसरीकडून हात लावायचा नाही. ताईला टोक सापडलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून वीतभर.

मी ओरडले त्यांच्यावर. आधी का नाही सांगितलंत. त्या शांतपणे म्हणाल्या की पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावलीत.

६ जुलै

मी ऐकलं नाही. अजूनही ऐकलं नाही. कात्री घेतली आणि कोपऱ्यात एकच टाका कापला. खारू झोपेत किंचाळली. कोपरावर लाल रेघ उमटली, तिथून रक्त. जिथे मी कापलं, तिथलंच पान.

पट्टी बांधली. कात्री खिडकीबाहेर फेकली.

नवऱ्याला फोन केला. निघालाय. परवा पोचेल. परवापर्यंत काय करू मी.

७ जुलै सकाळ

टोक शोधत्येय. भिंग घेऊन, दिवा लावून, एकेक टाका. माझेच टाके, माझीच सफाई. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करू. कुठेतरी ढिसाळ हात असायला हवा होता गं बाई, कुठेतरी एक तरी भोंगळ टाका —

नाही. सगळे एकसारखे.

७ जुलै दुपार

तिचा श्वास कागदासारखा वाजतोय. देवा माझे हात घे, डोळे घे, पण हे —

वरून सापडणार नाही. गाठ थरांच्या मधे आहे, तिथली जाडी खालून अंगाला कळेल. तिच्याशेजारी आत शिरत्येय. खालच्या बाजूने बोटांनी चाचपत जाईन. वही उशीपाशी ठेवते, कुठवर झालं ते लिहायला.

ऊब आहे आत. खूप. तिचीच असणार.

८ जुलै

सापडलं. सापडलं. माझ्या गुडघ्यावर, पिवळ्या फ्रॉकच्या तुकड्यात, तांदळाच्या कणीएवढं. नखाने वर काढलं, सुईने सोडवलं. एकेक टाका सुटत गेला तशी ती श्वास घेत गेली, खोल, मोठा. वीतभर उसवलं. कोपरावरची रेघ माझ्यादेखत पुसट झाली.

खारू उठून बसली. भूक लागली म्हणाली. माझ्या अंगावरून ओलांडून स्वयंपाकघरात गेली, बिस्किटाच्या डब्याचा आवाज येतोय. मी रडत्येय आणि हसत्येय. जिंकले मी.

मीही उठते आता. फक्त पाय जड झालेत. रात्रभर आत होते ना. वाट उघडी आहे, काळजी नाही, जरा दम खाते आणि —

८ जुलै, थोड्या वेळाने

पाय नाहीत. म्हणजे दिसतात पण — हातावर वेल उठली आहे. वाट उघडी आहे. हळूहळू येईल बळ. नवरा आजच पोचेल. येईल बळ.

खारू आली. पायथ्याशी बसली. गाल लाल झालेत तिचे, माझं सोनं. म्हणत्येय की आई, तुझं इथे उसवलंय.

सुईचा डबा आहे तिच्या मांडीवर.

नको म्हणत्येय मी, पण आवाज — ओठ हलतात फक्त. ती वर बघत नाहीये. शिवताना वर बघायचं नाही, मीच शिकवलं. जीभ दातांत. पांढरा दोरा. किती सुरेख हात, टाके एकसारखे, एकही ढिसाळ —

खारू बघ ना इकडे

म्हणाली, आई, या वेळी मी लपवते, तू शोध. गाठ मारली तिने. सुई आत घातली. लांब बाहेर काढली. आता ओढत्ये—