गुडघा दाखवायचं ठरवलंय

सिंगापूर, रविवार, १२ मार्च २००६

ती. आबांना सुमेधचा जयभीम.

मी मजेत आहे. आईचा खोकला थांबला का?

आज सुट्टी, म्हणून लिटिल इंडियात चहाच्या दुकानात टीव्हीवर फुटबॉल बघत बसलो. मागे राहून अडवणाऱ्या एका खेळाडूचा गुडघा दुखावलाय, त्याचा करार क्लबनं वाढवावा का, यावरून वाद पेटला. माझ्या खोलीतला सेल्वम म्हणाला, "लंगड्याशी कसला नवा करार? हाकला त्याला!"

मी उसळलो. म्हटलं, "गोल मारणाऱ्याला हार, आणि अडवता अडवता पाय गेला त्याला हाकला? मी कबड्डीत कोपऱ्यावर खेळलोय. पकड करणाऱ्याचंच अंग मोडतं!"

सेल्वम हसला. "वकीलसाहेब, मग तुमचा गुडघा मुकादमाला कधी दाखवताय?"

आबा, तुम्हाला कळवलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी कामावर शिडीवरून पाय सटकला. पुढच्या महिन्यात इथलं कामाचं परमिट वाढवायचंय, म्हणून पँटखाली पट्टी बांधून राबत होतो. सूज आहे, बाकी काही नाही. आईला बोलू नका.

उद्या सकाळी मुकादमाला गुडघा दाखवणार. कामावर लागलंय, दवाखाना कंपनीनंच करायचा, हेही तोंडावर सांगणार. परमिट वाढलं तर राहीन. नाही वाढलं तर घरी येईन, पण दोन्ही पायांवर चालत येईन.

तुमचा,
सुमेध