घट बसण्याआधीची सफाई

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

कनेरगाव नाका,
ता. १५ ऑक्टोबर २००६

श्री. शिवप्रसादराव यांस सिंधूबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सोयाबीन घरात आलं. मेंढ्यांना यंदा चारा बरा आहे. अंगद दिवाळीला हैदराबादहून येतो म्हणालाय, येईल तेव्हा खरं. बाळ रात्री झोपू देतं का? रागिणीला म्हणावं, थंड पाण्यात हात घालू नको. डिंकाचे लाडू मस्कतला कसे पाठवायचे हे काही मला सुचलं नाही, पण तुम्ही खारकांच्याच मुलखात राहता, तेव्हा रोज दोन खारका दुधात उकळून द्याव्यात.

पाकिटावर तुमचं नाव बघून दचकला असाल. तीन वर्षं सगळी पत्रं लेकीला गेली आणि तुम्हाला ‘घरी सर्वांना सांगणे’ एवढ्यातच बसवलं. आज मुद्दाम तुम्हालाच लिहिते आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करून दिलात त्या दिवशी तुम्हाला तिकडे नुसते आवाज ऐकू गेले. इकडे काय चाललं होतं ते तुम्हाला कळायला हवं.

घट बसायच्या आधी आमचं घर दरवर्षी उलटंपालटं होतं. गोधड्या ओढ्यावर जातात, डबे उन्हात येतात, भिंतींना पांढरी माती लागते. रागिणीच्या बाबांना त्या दिवसांत काम सांगितलेलं आवडत नाही. मी गोधड्यांचं गाठोडं उचलायला हाक मारली, तर हे अंगदच्या कॉम्प्युटरपुढे बसलेले. म्हणाले, “याची बी सफाई नको का? घट बसून राहिले.”

मला वाटलं, फडकं मारत असतील. पण नको असलेलं काढून कसं टाकायचं ते अंगदने त्यांना एकदा दाखवलं होतं, आणि नको ते यांच्या बरोबर ध्यानात राहतं. संध्याकाळी मेंढ्या वाड्यात घेताना हे एकेकीच्या कानाची खूण बघतात. दुसऱ्याची मेंढी घुसली असली की तिला बाहेर काढतात. तोच हिशेब इथे लावला. एकेक इंग्रजी नाव वाचायचं, ओळखीचं नसलं की काढून टाकायचं. दुपारपर्यंत बरंच काही बाहेर गेलं. “हलका झाला आता,” म्हणाले, आणि वर यंत्राला हळदीकुंकू वाहिलं.

रविवारी रागिणीशी कॉम्प्युटरवर बोलायचं, म्हणून मी पदर सारखा करून बसले. पान उघडलं, पण रागिणी दिसायची त्या जागी नुसता पांढरा चौकोन आणि कोपऱ्यात लाल फुली. खाली इंग्रजी मजकूर. यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, “या पानाला जे सामान लागते ते कॉम्प्युटरात न्हाई म्हणून राहिला.” ते सामान गेलं कुठे, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरच दिसत होतं.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसणार. दर रविवारी हे मला सगळं सुरू करून द्यायचे आणि कॅमेऱ्यासमोरून उठून जायचे, ते थेट दाराआडच्या बाजेवर. रागिणी बोलत असेपर्यंत बाजेचा आवाज यायचा नाही. तिचं बोलणं संपलं की मग खोकला, मग पाणी मागणं. लग्नाच्या वेळी धरलेला अबोला मोडायचा नव्हता आणि तिचा आवाजही सोडवत नव्हता. तुमची जात वेगळी म्हणून तो सगळा राग होता, हे तुम्हाला मी नव्याने काय सांगणार? मेंढ्यांच्या त्याच हिशेबात तुम्हालाही त्यांनी बाहेर काढलं होतं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. नववा महिना, बीपी वाढलेला, डॉक्टरने पडून राहायला सांगितलेलं, आणि ही विचारते, “आई, बाबांनी मुद्दाम बंद केलं ना?” मी नाही म्हटलं, समजावलं, सफाईचं सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. पटावं तरी कसं? लग्नाला जो माणूस आला नाही, तो कॉम्प्युटर बंद करणारच, असं तिला वाटलं. फोन ठेवला तर हे मागे उभे. ताट वाढलं होतं, जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, “मी काहून बंद करीन वं?”

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या पद्माबाईंच्या घरी फोन केलात. ते फार शहाणपणाचं केलं, कारण आमचा फोन इंटरनेटलाच जुंपलेला असतो. पद्माबाईंच्या फोनची वायर लांब, मधल्या बुटक्या भिंतीपर्यंत येते, आणि आमची खिडकी त्या भिंतीला लागूनच. मी भिंतीशी रिसीव्हर धरून, हे आत कॉम्प्युटरपुढे. तुम्ही मला सांगायचं, मी खिडकीतून ओरडायचं, यांनी करायचं, आणि काय झालं ते यांनी मला सांगायचं. यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “त्याला सांग, मी ऐकून राहिलो.” म्हणजे ऐकायचं, बोलायचं नाही.

पानाला लागणारं ते सामान, तुम्ही म्हणता ते प्लग-इन, इंटरनेटवरून उतरवायला किती वेळ लागला, आठवतं ना? पाऊण भाग उतरला की लाईन तुटायची. पुन्हा पहिल्यापासून. पद्माबाईंनी मला बसायला पाट आणून दिला. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. तुमच्या जागी माझा अंगद असता तर त्याने केव्हाच फोन आपटला असता. तुमची बायको आत पडलेली, तिची काळजी, आणि तुम्ही मला शांतपणे सांगत होतात, “आई, घाई नाही. पुन्हा करू.”

शेवटी सगळं उतरलं, तरी चौकोन पांढराच. तुम्ही म्हणालात, वर एक पिवळी पट्टी आली असेल, ती परवानगी मागते. मी ओरडले. हे आतून म्हणाले, पट्टी नाही. तुम्ही म्हणालात असणारच. मी पुन्हा ओरडले. असं चार-पाचदा झालं आणि माझा घसा बसला. मग आतून टेबल ओढल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर, वायरी, हळदीकुंकू, सगळ्यासकट टेबल यांनी खिडकीशी आणलं आणि गजांतून हात बाहेर काढला. “दे तो फोन.”

त्यापुढचं तुम्ही ऐकलंच आहे. “मी रखमाजी बोलून राहिलो. पट्टी हाय. बारीक हाय, म्हणून दिसली न्हाई. आता काय करू?” तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, पण यांचा चेहरा मी पाहिला. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “बाबा म्हणला मला.”

चौकोनात आधी धूसर काहीतरी हललं आणि मग रागिणी दिसली. हे उठून जाणार कसे? खिडकीत अडकलेले, कानाला तुमचा फोन. तिने बापाला तीन वर्षांनी समोर बघितलं. मग ती म्हणाली, “केस किती पिकले बाबा तुमचे.” हे म्हणाले, “मी बंद न्हाई केलं बेटा. सफाई करून राहिलो होतो.” ती रडता रडता हसायला लागली. मीही भिंतीला टेकून रडून घेतलं, आणि पद्माबाईही, त्यांचा काही संबंध नसताना.

त्या रात्रीपासून तिचा बीपी उतरत गेला, असं तुम्हीच कळवलंत. पुढे बाळंतपण नीट झालं, लेक आणि नात दोघी सुखरूप. डॉक्टरचे उपकार आहेतच. पण शिवप्रसादराव, तुमचे जे उपकार आहेत ते कसे फेडायचे, मला कळत नाही. लेक घाबरली होती आणि बाप तिला काही सांगू शकत नव्हता. तुम्ही त्या दोघांच्या मधे उभे राहिलात, तेही ज्यांनी तुम्हाला उंबरा चढू दिला नाही त्यांच्यासाठी. माझी पोर चांगल्या माणसाच्या घरात आहे, हे मला तेव्हा नीट कळलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. कळमनुरीच्या बाजारात तुमच्या वडिलांचं दोरखंडांचं दुकान आहे. लग्नापासून हे त्या गल्लीतून जात नव्हते, मेंढ्या घेऊन मागून वळसा घालायचे, दावी हिंगोलीहून आणायचे. गेल्या बाजारी जळबा बरोबर होता, आमच्या मेंढ्या वळतो तो. त्याने येऊन सांगितलं, रखमाजी मेंढ्या त्याच्याकडे देऊन सरळ दुकानात गेले. तुमचे वडील उठून उभे राहिले. मग हेच म्हणाले, “चैतात लेकरू येते. बारसं आमच्या दारी करू. तुमी समदे या. प्रियंकाला तर आणाच, आत्याबिगर नाव कोण ठेवते?”

तुमच्या वडिलांनी गादीवर जागा केली आणि चहा मागवला. हे तो प्याले.

घरी आल्यावर मला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, पत्र लिही, आणि त्यालाच लिही.

तर चैत्रात या. प्रियंकाताईंना नाव ठरवून ठेवायला सांगा. त्या ठेवतील ते नाव आम्हाला कबूल आहे, हे यांनी मला दोनदा लिहायला सांगितलं, म्हणून दोनदा लिहिते : त्या ठेवतील ते नाव आम्हाला कबूल आहे.

आजपर्यंत पत्राखाली मी ‘तुझी आई’ असं लिहीत आले. यापुढे,

तुम्हा दोघांची,
आई